तुले येत नव्हतं त सांगाचं ना

२०२१ चा मे महिना. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या गच्चीची फरशी तळपायाला चटके देत होती. खाली घरात कूलर घरघरत होता, पण तिथे रेंज मिळत नव्हती. म्हणून गच्चीवर चटई टाकून मी मोबाईलवर डेटाबेसचा एक ऑनलाइन कोर्स करत बसलो होतो.

‘कोर्स करतोय’ असं तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो. खरं काय चाललं होतं ते आज सांगतो. कोर्समध्ये ४४ व्हिडिओ होते. प्रत्येकापुढे एक रिकामा गोल. व्हिडिओ संपला की तो गोल हिरवा व्हायचा. पहिले चार व्हिडिओ मी इमानदारीत पाहिले, वहीत लिहूनसुद्धा घेतलं. पाचव्याला कंटाळा आला आणि सहज म्हणून खालची रेघ बोटाने शेवटपर्यंत ओढली. गोल हिरवा झाला.

मग थांबण्याचं काही कारण उरलं नाही. बाकीचे ३९ व्हिडिओ मी त्या एका रात्रीत ‘पूर्ण’ केले. मधल्या चाचण्या कितीही वेळा देता यायच्या, आणि चुकलं की बरोबर उत्तर तिथेच दिसायचं. पहाटे साडेचारला माझं नाव छापलेलं प्रमाणपत्र आलं. सकाळी आईने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. मूर्तिजापूरच्या मामांनी अभिनंदनाचा गुच्छ पाठवला. लॉकडाऊनमध्ये घरात बसून पोरगं काहीतरी शिकलं, याचा आईला झालेला आनंद खरा होता. त्या प्रकरणात तेवढंच खरं होतं.

मला त्या दिवशी वाईट वाटलं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. मी कुणाचे पैसे घेतले नव्हते. कोर्स फुकट होता. शिकवणाऱ्या माणसाला मी जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. मग फसवलं कुणाला?

सोपं उत्तर

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याला पाठ असतं. शाळेत कॉपी करताना सापडलो की सर तेच म्हणायचे: ‘तू दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच फसवतोय.’

ऐकायला हे मोठं गंभीर वाटतं, पण नीट पाहिलं तर हे उत्तर आपल्याला सोडूनच देतं. समजा मी फक्त स्वतःलाच फसवलं. मग नुकसान माझं, मर्जी माझी. रोज रात्री दोन आलुबोंडे खाऊन मी माझ्या पोटाचं वाटोळं केलं तर लोक मला मूर्ख म्हणतील, लबाड म्हणणार नाहीत. ‘स्वतःची फसवणूक’ हा प्रकार असा मूर्खपणाच्या खात्यात जमा होतो. आणि विशी-बाविशीत मूर्ख ठरण्याची भीती कुणाला असते?

जातककथांमध्ये एक गोष्ट आहे. एका आचार्यांना आपल्या मुलीसाठी सुशील वर हवा असतो. ते शिष्यांची परीक्षा घ्यायचं ठरवतात. म्हणतात, लग्नासाठी कपडे-दागिने लागणार आहेत, तुम्ही आपापल्या नातेवाइकांच्या घरून घेऊन या. पण अट एकच, घेताना कुणी पाहता कामा नये. सगळे शिष्य काही ना काही उचलून आणतात. एकटा रिकाम्या हाताने येतो. तो म्हणतो, कुणीच पाहत नाही अशी जागा मला सापडली नाही. कारण मी स्वतः तिथे होतोच.

ही गोष्ट लहानपणी ऐकलेली होती आणि आवडतही होती. पण त्या रात्री गच्चीवर तिचा उपयोग झाला नाही. मी स्वतःला पाहतच होतो की. रेघ ओढणारं बोट माझं होतं, डोळे माझे होते, आणि त्या डोळ्यांना काही वाटलं नाही. आतला साक्षीदारही आपल्यासोबतच वाढलेला असतो. आपण ज्याला चूक मानत नाही त्याला तोही मानत नाही.

मला काय दिसत नव्हतं ते कळायला आणखी चार महिने लागले.

बाकी ४५०० रुपये

आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका काकांचं बार्शीटाकळीला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. हा धंदा उधारीवर चालतो. जूनमध्ये शेतकरी माल नेतो, मधे हातात पैसा आला की थोडा भरणा करतो, आणि सोयाबीन-कापूस निघाला की हिशोब पुरा करतो. काकांकडे लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या. त्यांनी आईच्या तोंडून माझ्या कोर्सबद्दल ऐकलं आणि एका संध्याकाळी घरी आले.

‘‘बाबू, तू कॉम्प्युटरचा कोर्स केला म्हणते तुई आई. मंग माया उधारीचं काही करून दे ना. वह्या पाहू पाहू डोळे गेले.’’

मी हो म्हटलं. येत नाही असं मनातही आलं नाही. प्रमाणपत्र होतं ना.

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी १८० खात्यांचा डेटाबेस उभा केला. खरंतर इकडून-तिकडून कोड उचलून चिकटवला. तो चालला. काका खूश झाले. जुलैअखेरीस त्यांनी भरणा वहीत लिहिणं बंद केलं, कारण मीच म्हणालो होतो की आता दोन-दोन ठिकाणी लिहायची गरज नाही.

पोळ्याच्या आठवड्यात एका शेतकऱ्याची बाकी चुकीची पडली होती. ती ४५०० करायची होती. डेटाबेसला असं काम सांगताना दोन गोष्टी सांगायच्या असतात: बाकी किती करायची, आणि कोणत्या खात्याची. मी पहिली लिहिली, दुसरी विसरलो, आणि एंटर दाबलं. कॉम्प्युटर अशा वेळी ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. त्याने १८० च्या १८० खात्यांची बाकी ४५०० करून टाकली. ज्याची वीस हजार होती त्याची ४५००, ज्याची शून्य होती त्याचीही ४५००.

बॅकअप नव्हता. बदल कायम होण्याआधी मागे कसा घ्यायचा आणि रोजची प्रत कशी काढून ठेवायची, हा त्या कोर्सचा ३१ वा व्हिडिओ होता. नंतर जाऊन पाहिला. अकरा मिनिटांचा आहे. त्याच्यापुढचा गोल हिरवाच होता.

काका ओरडले नाहीत. बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुले येत नव्हतं त सांगाचं ना, बाबू.’’

बिलबुकात मालाच्या पावत्या होत्या, त्यामुळे कुणी काय नेलं ते परत जुळवता आलं. पण जुलैनंतर कुणी किती रोख भरले याची नोंद कुठेच नव्हती. ती फक्त भरणाऱ्यांच्या डोक्यात होती. काकांनी ठरवलं, जो येईल त्याला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं. दसऱ्यानंतर सोयाबीन विकून माणसं येऊ लागली. माझं काम त्यांच्यासमोर बसून लिहून घेण्याचं.

आता या माणसांची जागा पाहा. कुणी काय भरलं याचा पुरावा नाही. दुकानदार म्हणतोय, तुम्ही सांगाल ते खरं. तीन हजार भरले असतील आणि पाच सांगितले, तर कुणाला कळणार नाही. माझ्या हिरव्या गोलासारखीच ही गोष्ट होती: रेघ पुढे ओढा, कुणी पाहत नाही. फरक इतकाच की इथे खरे पैसे होते, आणि ते ज्यांच्याकडे कमी होते त्यांच्या हातात निर्णय होता.

एक म्हातारी बाई आली. म्हणाली, ‘‘दोन हजार देले होते म्या, पोळ्याच्या आंदी. बाकी तुमच्या बिलापरमानं धरा.’’ एकाला काका स्वतः म्हणाले, तुम्ही तीन हजार दिल्याचं मला आठवते. तो म्हणाला, ‘‘नाई, माये दोनच होते. एक हजार भावाच्या खात्यात टाकाचा होता.’’ ज्या हजारावर दुकानदारच हक्क सोडत होता, तो त्याने परत केला.

सगळेच असे होते असं म्हणणार नाही. काही आकडे काकांना पटले नाहीत, तरी त्यांनी ते लिहिले. शेवटी थोडी तूट आली आणि ती त्यांनी सोसली. पण बहुतेक खाती जुळली. १८० माणसांचा हिशोब त्यांच्या शब्दावर पुन्हा उभा राहिला, आणि त्या सगळ्या प्रकरणात मोडलेला शब्द माझा होता.

ओला कापूस

वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट कापसाच्या भाषेत लवकर कळते. खरेदी केंद्रावर गाड्या लागलेल्या असतात. ग्रेडर येतो, बोंडातला कापूस ओढून धाग्याची लांबी बघतो, ओलावा मोजतो. ‘सीसीआय’च्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की गाडी परत. कुणी वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलं, तर तो व्यापाऱ्याला किंवा सरकारला ठकवतो असं आपण म्हणतो. पण रांगेतल्या मागच्या गाडीचं काय? दोन-चार गाड्या ओल्या निघाल्या की ग्रेडर त्या गावच्या प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घालतो. व्यापारी सगळ्यांचाच भाव पाडून मागतो. पाणी एकाने मारलेलं असतं, भाव सगळ्यांचा पडतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. घेणाऱ्याला चांगली गाडी कोणती आणि खटारा कोणती हे ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला मधलीच किंमत देऊ करतो. मग चांगली गाडी विकणाऱ्याला ते परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात खटारे. भाव आणखी पडतो. या कामासाठी २००१ मध्ये त्याला नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. कापूस विकणारा आजोबा हे कोणत्याही निबंधाशिवाय जाणून होता, पण अकरलॉफने त्याचा हिशोब मांडून दाखवला.

आता मोटारीच्या जागी प्रमाणपत्र ठेवा. माझ्यासारख्या शंभर जणांनी रेघ ओढून तोच कोर्स ‘पूर्ण’ केला. आमच्याच गल्लीत एक मुलगी होती. घरात एकच फोन, तो रात्री तिच्या वाट्याला यायचा. तिने तोच कोर्स तीन महिने खपून केला, प्रत्येक उदाहरण वहीत सोडवलं. तिने तो कागद कुठे दाखवला तर समोरचा काय म्हणणार? ‘हे ऑनलाइन कोर्स काय, सगळेच करतात.’ तिच्या तीन महिन्यांचा भाव मी एका रात्रीत पाडला होता. तिला हे कधी कळणार नाही, म्हणून ती भांडायलाही येणार नाही.

मला वाटतं, ‘फसवलं कुणाला?’ याचं खरं उत्तर इथे आहे. शिकवणाऱ्याला नाही. स्वतःला तर फारच थोडं. फसवला जातो तिसरा माणूस. एक, जो पुढे कधीतरी आपल्या ‘येतं’ या शब्दावर विसंबणार आहे: कृषी केंद्राचे काका, दवाखान्याच्या नोंदी आपल्या हाती सोपवणारा डॉक्टर, पगाराचा हिशोब आपल्या कोडवर सोडणारा कारखाना. आणि दोन, जो आपल्यासारखाच कागद घेऊन, पण खरं शिकून, रांगेत आपल्या मागे उभा आहे. हे दोघेही त्या रात्री गच्चीवर नव्हते. म्हणून मला वाटलं होतं की कुणीच नाही.

पहारा ठेवला तर?

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, कडक परीक्षा ठेवा. दूरशिक्षणाला हा प्रश्न पहिल्यापासून माहीत आहे. १८४० मध्ये इंग्लंडात सर्वांना परवडणारं टपाल सुरू झालं आणि आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी शिकवू लागला. तेव्हाचं ते एक ‘सॉफ्टवेअर स्किल’च, आलं की कचेरीत नोकरी. त्याच्या पद्धतीतला जीव पाठवलेल्या धड्यात नव्हता, परत येणाऱ्या कागदात होता. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा आणि तो तपासून परत यायचा. चूक कुठे झाली हे कुणीतरी पाहत होतं.

आपल्याकडे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीदवाक्य. शाळा सुटलेल्या बायका, नोकरी करणारी माणसं, शेतात राबणारी पोरं यांच्यासाठी दार उघडलं. पण घरी पुस्तक पाठवलं तरी अभ्यासकेंद्र ठेवलं, परीक्षा केंद्रावर समक्ष घेतली. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून ‘एनपीटीईएल’ सुरू केलं. तिथले व्हिडिओ आजही फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र शुल्क भरून ठरलेल्या केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो, आणि ७५ टक्के वजन त्या पेपराला असतं. घरी केलेल्या स्वाध्यायांना २५. शिकायला कुणीही या, पण ‘येतं’ असं लिहून हवं असेल तर समोर येऊन दाखवा. मला ही विभागणी न्याय्य वाटते.

मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तर याहून साधा मार्ग सांगतो. प्रा. कण्णन मौदगल्य यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत, बरेचसे मराठीतही. पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडायचं, आणि सांगणारा जे करतो ते थांबत-थांबत आपण करायचं. रेघ पुढे ओढली तर आपली बाजू रिकामी राहते. रिकामी बाजू डोळ्यांना दिसते.

तरीही पहाऱ्याला मर्यादा आहे. समक्ष परीक्षा तुम्हाला येतं की नाही हे काही प्रमाणात सांगेल. पण काका संध्याकाळी घरी येतात तेव्हा ते परीक्षा घ्यायला आलेले नसतात. ते विचारतात, ‘करून देशील का?’ त्या क्षणी कुठलाही पर्यवेक्षक हजर नसतो.

‘व्यवस्थाच तशी आहे’

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं तेव्हा तो चिडला. त्याचं म्हणणं टाळता येण्यासारखं नाही, म्हणून नीट मांडतो.

तो म्हणाला, ‘‘नीती कोणाले शिकवून रायला बे तू? पुण्याच्या पोट्ट्याले कॉलेजातच कंपनी भेटते. आपल्याले रातभर ट्रॅव्हल्सनं जाऊन इंटरव्ह्यू द्या लागते. तिथी पहिले कागद पाहतात, मंग माणूस. ज्याच्यापाशी लॅपटॉप नाई, ज्याच्या घरी टेबल नाई, त्यानं कागद जमवला त काय पाप केलं?’’

जठारपेठेत हा प्रश्न पुस्तकी नाही. इथली कितीतरी मुलं कोड मोबाईलवर लिहितात, अंगठ्याने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि जगातले उत्तम शिक्षक खिशात आले हे खरं आहे. पण शिक्षक खिशात आला म्हणून टेबल घरात येत नाही. दार उघडलं, आणि आत गेल्यावर दुसरं दार दिसलं: ‘सर्टिफिकेट आहे का?’

अशा वेळी आपल्याला हटकून एकलव्य आठवतो. ऑनलाइन शिकणारा प्रत्येक जण स्वतःला कधी ना कधी एकलव्य म्हणून घेतो. महाभारताच्या आदिपर्वातली ती गोष्ट अन्यायाचीच आहे. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणांनी त्याला शिकवलं नाही, आणि त्याने स्वतः शिकून दाखवलं तेव्हा उजवा अंगठा मागून घेतला. त्या अन्यायाला गुरुभक्तीचा मुलामा देणं मला मान्य नाही.

पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एकलव्याने जंगलात मातीचा पुतळा उभारला. पुतळा काही शिकवत नव्हता, चूक दाखवत नव्हता. मग त्याचं काम काय होतं? मला वाटतं, त्याने स्वतःसमोर पाहणारा कुणीतरी बसवला. आणि त्याची परीक्षा झाली ती त्याने ‘मला येतं’ असं सांगितलं म्हणून नव्हे. भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बाणांनी बंद झालेलं पांडवांनी पाहिलं, आणि ते धनुर्धराला शोधत आले. त्याच्याकडे कागद नव्हता. येत होतं.

मित्राच्या म्हणण्यातलं अर्धं मला पूर्ण पटतं: दार लावणारे दोषी आहेत, आणि कागद आधी पाहून माणूस नंतर पाहणाऱ्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यांना फसवलं तर मला फार दुःख होणार नाही. पण माझ्या खोट्या कागदाने त्यांचं काही बिघडलंच नाही. बिघडलं ते बार्शीटाकळीच्या काकांचं, आणि गल्लीतल्या त्या मुलीचं. अन्याय वरून येतो आणि आपण केलेल्या लबाडीचा भार खाली, आपल्याच शेजाऱ्यावर जाऊन पडतो. त्यांच्यापैकी कुणीच आपल्यावर दार लावलेलं नव्हतं.

आता तर कोड मशीनच लिहितं

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि माझी रेघ ओढणंही जुनाट ठरलं. आता स्वाध्याय मशीन सोडवतं, प्रकल्पही तेच लिहितं. ते वापरावं की नाही, या वादात मी पडत नाही. मी वापरतो. पण मशीनने दिलेल्या ओळीत खात्याची अट राहून गेली असेल, तर ती कुणाला दिसणार? ज्याला येतं त्याला. जबाबदारी घेऊन ‘हो, हे चालवा’ म्हणणारा शेवटी माणूसच असतो, आणि ३१ वा व्हिडिओ त्याने पाहिलेला आहे की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

तीन शब्द

हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ हा कोर्स जगभरातले लाखो लोक घरी बसून फुकट करतात. त्या विद्यापीठातल्या मुलांसाठी २०१४ पासून या कोर्सच्या नियमांत पश्चात्तापाचं एक कलम आहे. उतरवून दिलेलं काम आपलं म्हणून दिलं, आणि ७२ तासांच्या आत स्वतःहून येऊन सांगितलं, तर त्या कामाचे गुण जातील, पण प्रकरण पुढे जाणार नाही. मला या कलमातला मनुष्यस्वभावाचा अंदाज आवडतो. रात्री दोनला माणूस घसरतो हे त्यात धरलेलं आहे. सकाळी उठून सांगण्याची वाट त्याच्यासाठी उघडी ठेवलेली आहे.

माझे ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. आणि पश्चात्ताप सांगायचा कुणाला? कोर्सच्या सर्व्हरला? मी आधी ते प्रमाणपत्र सगळीकडून काढून टाकलं. मग कोर्स पुन्हा लावला, या वेळी पहिल्या व्हिडिओपासून. ४४ व्हिडिओंना साडेतीन महिने लागले. प्रत्येकानंतर जे कळलं ते आईला वऱ्हाडीत सांगायचो. तिला त्यातलं काही फारसं कळायचं नाही, पण मी कुठे अडखळतो ते बरोबर कळायचं. ‘‘इथी तू घाई केली,’’ ती भाजी निवडता-निवडता म्हणायची. माझा मातीचा पुतळा असा बोलका निघाला.

पण शिकण्यापेक्षा अवघड गेलं ते दुसरंच काहीतरी. ‘मला येत नाही’ हे तीन शब्द. आपल्याकडे हे शब्द म्हणजे हार. कोर्स, प्रमाणपत्र, प्रोफाइलवरची कौशल्यांची यादी, सगळं हे तीन शब्द कधी म्हणावे लागू नयेत यासाठीच जमवलेलं असतं. त्यामुळे मधली वाक्यंही आपण विसरलो आहोत: ‘एवढंच येतं.’ ‘करून पाहिलेलं नाही, पण शिकून सांगतो.’ ‘मी करतो, पण तुमची वही बंद करू नका.’ दुरून, एकट्याने, कुणी पाहत नसताना शिकणाऱ्याला ही वाक्यं इतरांपेक्षा जास्त लागतात, कारण त्याला किती येतं हे सांगू शकणारा तो एकटाच साक्षीदार आहे. तो खोटं बोलला तर दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही. दसऱ्यानंतर काकांच्या दुकानात आलेल्या त्या माणसांचीही तीच स्थिती होती. आपण किती भरले याचे ते एकटेच साक्षीदार होते.

पुढच्या वर्षी जूनच्या आधी मी काकांकडे गेलो. म्हटलं, आता शिकलो आहे, पुन्हा करून देऊ का? आणि हेही सांगितलं की गेल्या वेळी कोर्स केलेलाच नव्हता. त्यांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग चहा सांगितला.

‘‘किती येते आता?’’

‘‘उधारीचं येते. जीएसटीचं नाई येत.’’

‘‘मंग उधारीचंच कर.’’

तो डेटाबेस आजही चालतो. रोज रात्री त्याची प्रत निघते. काका शेजारी लाल कापडातली वहीही ठेवतात आणि भरणा तिच्यातही लिहितात. तसं मीच त्यांना सांगितलं आहे.